तासिका तत्त्वावर: खान्देशातल्या कॉलेजांचे तुमचे अनुभव सांगा

१९९० ला जळगावला विद्यापीठ झालं, २०१८ ला त्याला बहिणाबाईंचं नाव मिळालं. नॅकचं कॉलेज-मूल्यांकन, क्रेडिट पद्धत, नवं शैक्षणिक धोरण यांवर भाषणं पुष्कळ झाली. वर्गात शिकवणाऱ्या-शिकणाऱ्यांनी आपलं सांगावं, म्हणून हा धागा. कॉलेजचं नाव नको. (तासिका तत्त्वावर, म्हणजे कायम नेमणूक नाही, शिकवलेल्या तासांपुरतेच पैसे.)

चोपडा तालुका, सेट (प्राध्यापकीची राज्य पात्रता परीक्षा) पास, अकरा वर्षं तासिकेवर
दरवर्षी जाहिरात, दरवर्षी मुलाखत. समोरचे सर मला नावानं ओळखतात, तरी म्हणतात, "स्वतःविषयी सांगा." आठवड्याला ९ तासिका. दिवाळीच्या सुटीचे पैसे नाहीत, परीक्षेच्या दिवसांचे नाहीत. बिल कधी कधी मार्च उलटल्यावर एकदम निघतं, तोवर किराणा उधारीवर. गावात पारावर एकच प्रश्न, "भाऊ, कव्हय परमनंट व्हशी?"

मागच्या वर्षी कापूस वेचायला वावरात होतो. शेजारच्या बांधावरून आवाज आला, "सर, उद्या तास आहे का?" माझ्याच वर्गातली पोरगी, मजुरीला आलेली. आहे म्हणालो. दुसऱ्या दिवशी वर्गात ती नव्हतीच. रोजंदारी बुडवून कोण येणार?

धडगाव, सध्या बी.ए.
आमच्या घरी पावरी ही आदिवासी बोली बोलतात. मराठीच शाळेत शिकले, इंग्रजी तर लांबच. पहिल्या वर्षी इंग्रजीला तीन सर बदलले. तिघांनीही पहिला धडा शिकवला.

अमळनेर, पीएच.डी. चालू
विद्यापीठांच्या विभागांत सहायक प्राध्यापक व्हायला २०२१ पासून पीएच.डी. लागणारच, असा नियम होता, म्हणून नाव नोंदवलं. तो नियम २०२३ वर ढकलला, आणि २०२३ आलं तर म्हणे नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा पुरे. मधल्या काळात केअर यादीतल्या (विद्यापीठ अनुदान आयोग, म्हणजे यूजीसीनं मान्य केलेल्या) जर्नलसाठी दोन पेपर लिहिले. २०२५ मध्ये यूजीसीनं यादीच बंद केली. गाइड म्हणतात, लिहीत राहा. लिहितोय.

धुळे जिल्हा, कायम प्राध्यापक
शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो. विभागात आम्ही पाच होतो, आता मी एकटा. बाकीचे निवृत्त झाले, जागा भरल्या नाहीत. नॅकच्या फायली रात्री बसून तासिकेवरच्या दोघांनी लिहिल्या. सत्कार माझा झाला. शाल घेतली मी.

नव्या धोरणाचं एकच सांगतो. ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे निवडीचा विषय, दुसऱ्या शाखेतला घ्यायचा. आमच्याकडे शाखा एकच, कला! मग कलेचाच शिक्षक वाणिज्याचं पुस्तक आदल्या रात्री वाचून येतो.

रावेर
२०१९ ला शिकवणं सोडलं. केळीच्या गाड्यांचा हिशेब बघतो. पगार वेळेवर होतो, एवढंच.

पुन्हा चोपडा
धडगावच्या ताई, सर का बदलतात ते सांगतो. आमच्याकडे नेमणुकीची मान्यता येईस्तोवर सप्टेंबर उजाडतो. तोवरच्या तासांना पैसे नाहीत. कुणी महिनाभर येतो, गाडीभाडं परवडत नाही म्हणून सोडतो. मग दुसरा येतो, पुन्हा पहिल्या धड्यापासून. मी जूनपासून जातो, कारण कॉलेज घरापासून दोन किलोमीटरवर आहे.