एकच कृती तासभर: व्हिडिओ इन्स्टॉलेशन पूर्ण बघायलाच हवं का?

सावकाश
कलादालनात व्हिडिओ इन्स्टॉलेशन, म्हणजे खोलीत मांडलेलं व्हिडिओ-काम, बघायला शिरायचं, अर्धा मिनिट थांबायचं, 'कळलं' म्हणायचं आणि पुढच्या खोलीत. माझ्या मते हे न बघण्यासारखंच आहे. अमेरिकन कलाकार ब्रूस नाउमन यांचं १९६८ चं व्हिडिओ-काम घ्या. माणूस कोपऱ्यात मागे रेलतो, भिंतींवर आदळतो, उसळून पुढे येतो, पुन्हा मागे. तासभर तेवढंच. कॅमेरा आडवा, डोकं दिसतच नाही. 'काय चाललंय' हा प्रश्न पहिल्या मिनिटातच संपतो. मग कान त्या धप्प आवाजाची वाट बघू लागतात. जरा उशीर झाला की आपलंच अंग ताणलं जातं. हे ज्याने अनुभवलं नाही, त्याच्या हाती फक्त माहिती लागली.

उंबरठा
साफ असहमत. ते काम तासाभराचं आहे, कारण टेप तासाभराची होती! शिवाय टेप सतत चालू राहावी, लोकांनी वाटेल तेव्हा यावं-जावं, हे नाउमन यांनाच अपेक्षित होतं. ज्याला सुरुवात-शेवट नाही ते 'पूर्ण' कसं बघायचं?

फ्रान्सिस आलीस यांनी १९९७ मध्ये मेक्सिको सिटीच्या रस्त्यांवरून बर्फाची लादी ढकलत नेली, विरघळून संपेपर्यंत. नऊ तासांहून जास्त. व्हिडिओ जेमतेम पाच मिनिटांचा, तरी श्रम पोचतात. प्रेक्षकाला ताटकळत ठेवल्याने काम खोल होत नाही.

रेघोट्या
उंबरठा, +१. तेहचिंग शिए यांनी एप्रिल १९८० पासून वर्षभर, रात्रंदिवस, दर तासाला हजेरीच्या घड्याळात कार्ड पंच केलं आणि प्रत्येक वेळी फिल्मची एक फ्रेम घेतली. सुरुवातीला मुंडण केलेलं डोकं, मग केस वाढतच जातात. अख्खं वर्ष सुमारे सहा मिनिटांत. ८,७६० पैकी १३३ पंच चुकले, त्यातले ९४ झोपेमुळे, आणि हा हिशोबही कामाचाच भाग. ते ९४ वाचून माझ्या पोटात कालवलं. त्यासाठी तासभर उभं राहावं लागलं नाही.

सावकाश
पण आलीस आणि शिए यांनी काटछाट स्वतः केली, तीच त्यांची रचना आहे. नाउमन यांच्या बाबतीत कात्री आपण चालवतो, तीही बघायच्या आधी. खुशाल मध्येच उठा, पण काम अंगात भिनू तरी द्या. दालनांनी निदान बाक ठेवावेत. उभ्याने कोण थांबणार?

उंबरठा
बाक हवेतच, शंभर टक्के. पाटीवर लांबी आणि लूप आहे की नाही, म्हणजे संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं का, हेही लिहावं. पण मार्टेन बास यांच्या २००९ च्या फिल्ममध्ये दोघे झाडूवाले कचरा सरकवत घड्याळाचे काटे फिरवतात, तब्बल बारा तास. तिथे मी तीन मिनिटं थांबलो, झाडूचा एकेक फटका डोळे भरून बघितला. एवढ्याला तुम्ही 'न बघणं' म्हणणार असाल, तर ते मला मुळीच मान्य नाही.