पार्किन्सन्स: पहाटे पायाची बोटं वळतात, खांदा दुखतो, तळव्यांना मुंग्या. काय करावं?

शुभदा_के
सासरे, वय ६९, निदान होऊन सहा वर्षं झाली. लेव्होडोपा-कार्बिडोपाची ११० ची गोळी सकाळी ८, दुपारी १, संध्याकाळी ६ आणि रात्री ९:३० ला. कंप आटोक्यात आहे, पण दुखण्याने हैराण आहेत. पहाटे पाचच्या सुमारास डाव्या पायाची बोटं आत वळतात, पोटरी दगडासारखी होते. आठची गोळी घेतल्यावर तासाभरात सुटते. डावा खांदा दिवसभर दुखतो, हात पाठीमागे जातच नाही. शिवाय दोन्ही तळव्यांना मुंग्या. मधुमेह आहे, मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू. कॅल्शियम आणि पेनकिलर देऊन झालं, फरक नाही. न्यूरोलॉजिस्टची तारीख तीन आठवड्यांनी आहे. तोवर?

ओपीडी_न्यूरो
ताई, ही तीन वेगळी दुखणी आहेत, म्हणून एका पेनकिलरने काही होत नाही.

पहाटेचं दुखणं म्हणजे डिस्टोनिया. रात्री ९:३० ते सकाळी ८ म्हणजे साडेदहा तास औषध नाही, आणि लेव्होडोपाचं रक्तातलं प्रमाण साधारण दीड तासात निम्म्यावर येतं. पहाटे शरीर पूर्ण 'ऑफ' असतं, म्हणजे गोळीचा असर संपलेला असतो, आणि स्नायू आपोआप आखडतात. गोळीने सुटतं हाच पुरावा. कॅल्शियमचा इथे काही संबंध नाही. डॉक्टरांना विचारायच्या गोष्टी: झोपताना सीआर (हळूहळू सुटणारी) गोळी चालेल का, सकाळची पहिली गोळी जाग येताच अंथरुणातच देता येईल का, किंवा साधी गोळी पाण्यात विरघळवून लवकर लागू पडेल का. (सीआर गोळी मात्र कधीही कुटायची नाही, तिचा हळूहळू सुटण्याचा गुणच जातो.) एवढं करूनही बोटं वळत राहिली तर पोटरी आणि तळपायाच्या ठरावीक स्नायूंत बोट्युलिनम टॉक्सिनचं इंजेक्शन देतात. डोस स्वतःहून बदलू नका.

तारखेपर्यंत एक काम करा. चार-पाच दिवस वहीत तक्ता ठेवा: वेळ, गोळी, जेवण, दुखणं कुठे आणि दहापैकी किती, आणि त्या वेळी शरीर 'ऑन' होतं, 'ऑफ' होतं की अंग वळवळत होतं. शेवटचा रकाना कोणी भरत नाही आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा. गोळीचा असर उतरताना दुखत असेल तर गोळ्यांच्या वेळा जवळ आणाव्या लागतात. पण असर शिखरावर असताना, अंग वळवळताना दुखत असेल, तर डोस वाढवल्याने उलट बिघडतं.

मुंग्यांचा दोष लगेच पार्किन्सन्सला देऊ नका. मधुमेह आहेच, मेटफॉर्मिनने बी-१२ कमी होतं, लेव्होडोपाने होमोसिस्टीन (बी-१२ कमी पडलं की रक्तात साचणारं द्रव्य) वाढतं, आणि शाकाहारी असतील तर आणखी भर. बी-१२, होमोसिस्टीन, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), थायरॉईड एवढं तपासून न्या. बी-१२ काठावर आलं तरी 'नॉर्मल' म्हणून सोडू नका. आणि दुकानातून बी-कॉम्प्लेक्स आणून महिनोन्महिने देऊ नका, जास्त मात्रेत बी-६ स्वतःच नसा खराब करतं.

फिजिओ_नाशिक
खांद्याचं: आजाराच्या बाजूचा हात चालताना हलत नाही, सांधा गोठत जातो. कित्येकांना तर कंपाच्या आधी 'फ्रोजन शोल्डर'च होतो आणि वर्षभर हाडांच्या डॉक्टरकडे फेऱ्या चालतात. व्यायाम गोळी लागू पडल्यावर, म्हणजे साधारण तासाभराने. 'ऑफ'मध्ये ताणलं तर दुखतं आणि माणूस व्यायामच सोडतो. निरोगी हात टेबलावर टेकवून पुढे वाका, दुखरा हात सैल सोडून लोलकासारखा हलवा, दोन मिनिटं. मग भिंतीवरून बोटं वर चढवत न्या. दिवसातून तीनदा.

पहाटे बोटं वळली की ती हाताने जोरात ओढू नका. पलंगाच्या कडेवर बसवून टाच जमिनीवर टेकवा, गुडघ्यावर हाताने खाली दाब द्या, अर्धा-एक मिनिट धरा. आधाराशिवाय उभं करू नका, पाऊल आत वळलेलं असताना पडणं ठरलेलं. शेकायचं तर पिशवी कापडात गुंडाळून, आणि पाणी आधी तुम्ही स्वतःच्या हाताला लावून बघा. मुंग्या आलेल्या तळव्याला भाजलेलं कळत नाही. तळव्यांना शेक नकोच.

शुभदा_के
रात्रीचं जेवण ९ ला आणि गोळी ९:३० ला, हे चुकतंय का? जेवणात उसळ किंवा पनीर असतंच.

औषधवाला
चुकतंय. प्रथिनं आणि लेव्होडोपा आतड्यातून एकाच वाटेने जातात, भरल्या पोटी गोळी अडकून राहते. गोळी जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर किमान तासाभराने. तुमच्या बाबतीत गोळी जेवणाआधी दिली तर रात्रीचं अंतर आणखी वाढेल, म्हणून जेवण आठला आणा, गोळी ९:३० लाच राहू द्या. उसळ-पनीर बंद करू नका, वजन घटेल. मळमळत असेल तर सोबत एखादं मारी बिस्किट चालतं, ग्लासभर दूध नाही.

जास्त काळजी पेनकिलरच्या चिठ्ठीची. सासऱ्यांना रसाजिलिन किंवा सेलेजिलिन (पार्किन्सन्सचीच दुसरी औषधं) चालू असेल तर ट्रामाडॉल हे पेनकिलर नको, खोकल्याचं डेक्स्ट्रोमेथॉर्फनवालं सिरपही नको. पेनकिलरसोबत अ‍ॅसिडिटीची कॅप्सूल देतात तिचं वेष्टण वाचा. पँटोप्राझोल किंवा राबेप्राझोलच्या जोडीला लेव्होसल्पिराइड लिहिलेलं असेल तर ती बंद करण्याबद्दल त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, ते डोपामाइनच (लेव्होडोपापासून मेंदूत बनणारं रसायन) अडवतं. उलटीसाठीचं मेटोक्लोप्रमाइड आणि चक्करेसाठीचं सिनारिझिन, प्रोक्लोरपेराझिनही त्याच यादीत. ही नावं कागदावर लिहून गोळ्यांच्या डब्याला चिकटवा, म्हणजे सुट्टीच्या दिवशी दुसऱ्या डॉक्टरकडे जावं लागलं तरी दाखवता येईल.

ओपीडी_न्यूरो
+१. एक राहिलं: रात्री पाय हलवल्याशिवाय चैन पडत नाही असं ते म्हणतात का? तसं असेल तर फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा) तपासा. लोहाची गोळी सुरू झालीच तर लेव्होडोपापासून किमान दोन तास लांब, दोन्ही पोटात एकत्र आली की एकमेकांना बांधून टाकतात.