मदत हवी आहे : इराकमधला सशस्त्र प्रतिकार आणि डाव्यांमधला वाद

अभ्यासगटात २००३ नंतरच्या इराकवर बोलायचं आहे आणि मी एका ठिकाणी अडलोय.

इराकी कम्युनिस्ट पक्षाचा २००३ च्या अमेरिकी हल्ल्याला विरोध होता, तरी जुलै २००३ मध्ये तो अमेरिकेने नेमलेल्या प्रशासकीय परिषदेत गेला. सद्दामने त्यांच्या कार्यकर्त्यांचे काय हाल केले ते आठवलं की त्यामागची घालमेल कळते, पण निर्णय मला पटत नाही. इराकमधल्याच दुसऱ्या एका डाव्या पक्षाने, वर्कर-कम्युनिस्ट पक्षाने, अमेरिकेचा परकीय ताबा आणि इस्लामी सशस्त्र गट, दोन्ही नाकारले. बाहेरच्या अनेक डाव्यांचं म्हणणं वेगळं : ताब्याखालच्या जनतेने कसं लढावं हे आपण ठरवू नये. तत्त्व म्हणून मला हे मान्य आहे. मग जानेवारी २००५ मध्ये बगदादमध्ये कामगार नेते हादी सालेह यांची छळ करून हत्या झाली आणि आरोप सशस्त्र गटांवर झाला, तिचं काय? सद्दामच्या बाथ पक्षाच्या राजवटीत तुरुंग भोगलेला माणूस होता तो!

दक्षिण इराकमधल्या बसराच्या तेल कामगारांच्या युनियनने तर बंदुकीविना, संप करून ताब्याला तोंड दिलं. या युनियनची सशस्त्र गटांबद्दल नेमकी भूमिका काय होती? त्यांची निवेदनं, मुलाखती कुणी वाचल्या असतील तर कृपया सांगा. अरबीतलं असलं तरी चालेल, भाषांतर करून घेईन.