विषय: व्हेनिस, दोन रात्री, सोबत ज्येष्ठ मंडळी

नमस्कार मंडळी,
ऑक्टोबरअखेर शुक्रवार संध्याकाळ ते रविवार दुपार व्हेनिसला जायचं ठरतंय. सोबत आईबाबा आहेत, दोघंही शाकाहारी. बाबांना पायऱ्या त्रासाच्या. मेस्त्रेचं हॉटेल स्वस्त आहे, घ्यावं का? बोटीचा पास कोणता? आणि पाणी भरतं त्याचं काय?

———
उत्तर १

ताई,
मेस्त्रे मुख्य भूमीवर आहे. रेल्वेने व्हेनिसच्या सांता लुचिया स्टेशनला दहा-बारा मिनिटं लागतात, पण दुपारी आईबाबांना तासभर पाठ टेकायची झाली तर तिथवर परत जाणं होत नाही. गावातच राहा. हॉटेल निवडताना मात्र अंतर बघू नका, पूल मोजा. जवळपास प्रत्येक पुलाला दोन्ही बाजूंनी पायऱ्या आहेत आणि नकाशावरच्या तीनशे मीटरमध्ये चार पूल लागू शकतात. हॉटेलला आधीच लिहून विचारा: बोटीच्या थांब्यापासून दारापर्यंत पूल किती? लिफ्ट आहे का? पहिल्याचं उत्तर 'एकही नाही' असेल तरच बुकिंग करा.

पत्ताही पूर्ण मागून घ्या. घरांना नंबर गल्लीप्रमाणे नसतात, सेस्तिएरेप्रमाणे असतात. सेस्तिएरे म्हणजे आपली पेठच. अशा सहा आहेत. नुसतं 'कास्तेल्लो' आणि चार आकडी नंबर एवढ्यावर घर सापडत नाही, गल्लीचं नाव हवंच.

पास ४८ तासांचा, ३५ युरोचा घ्या. ७५ मिनिटांचं सुटं तिकीट साडेनऊ युरोचं, म्हणजे चौथ्या फेरीतच पास वसूल. तास मोजायला सुरुवात पहिल्यांदा मशीनला लावल्यापासून होते, विकत घेतल्यापासून नाही. दर वेळी चढण्याआधी लावायचा, विसरलात तर दंड. विमानतळाची बस आणि अलिलागुना कंपनीची विमानतळाची बोट साध्या पासात येत नाहीत.

१ नंबरची बोट ग्रँड कॅनॉलवरचे बहुतेक सगळे थांबे घेते. सान मार्कोपर्यंत पाऊण तास लागतो, पण ज्येष्ठांसाठी तीच उत्तम. पियात्साले रोमाला चढा, बसायला जागा मिळते. पुढच्याच थांब्यावर, स्टेशनला, गर्दी आत येते. रियाल्तोसारख्या थांब्यावर वेगवेगळे धक्के असतात. नंबर बरोबर पण दिशा उलटी, ही चूक सर्रास होते. धक्क्यावरच्या पाटीवर शेवटच्या थांब्याचं नाव वाचूनच चढा. ग्रँड कॅनॉलवर पूल चारच आहेत, तेव्हा पलीकडे जायलाही बोटच वापरा. दोन युरोत पलीकडे नेणारी त्राघेत्तो म्हणजे साधी गोंडोलाच, चढता-उतरता हलते. बाबांना तिच्यात बसवू नका.

———
उत्तर २

पाण्याबद्दल. भरतीच्या अंदाजात '११० सेंमी' दिसलं तर रस्त्यावर एवढं पाणी असेल असं समजू नका. तो आकडा १८९७ साली ठरवलेल्या शून्यापासून मोजतात. सान मार्कोचा चौक साधारण ८० ते ९० सेंमीवर, म्हणजे १०० ला तिथे घोट्याभर पाणी, आणि गावाचा बराच भाग कोरडा. २०२० पासून समुद्राच्या तोंडाशी भरती अडवणारे 'मोझे' नावाचे दरवाजे उभे करतात, पण सहसा ११० च्या अंदाजालाच. त्यामुळे चौकात त्याआधीच गटारांच्या जाळ्यांमधून पाणी वर येतं. भरती काही तासांत ओसरते. नगरपालिकेचा भरतीचा अंदाज आदल्या रात्री बघा आणि चौक ओहोटीच्या वेळेला ठेवा.

गावात शिरायचं प्रवेश शुल्क आतापर्यंत एप्रिल ते जुलैमधल्या ठरावीक दिवशीच लावलं गेलंय. त्या काळात जाणाऱ्या इतर सभासदांसाठी: मुक्कामी लोकांना माफ आहे (मेस्त्रेतल्यासुद्धा), पण सवलतीचा क्यूआर कोड आधी काढावा लागतो.

खाण्यात 'बिगोली इन साल्सा'पासून सावध. दिसतो कांद्याचा साधा पास्ता, पण त्यात खारवलेली मासळी विरघळवलेली असते. भाजीच्या रिझोत्तोतही माशाचं किंवा मांसाचं पाणी असू शकतं. 'ब्रोदो' (म्हणजे हेच पाणी) कशाचा, हे विचाराच. 'सेंत्सा कार्ने, सेंत्सा पेशे' हे पाठ करून ठेवा: मांस नको, मासे नको.

दमल्यावर सान मार्कोत पायऱ्यांवर बसलात तर दंड होतो. काम्पो सान पोलो किंवा सांता मार्गेरीताला बाकं आहेत. अशा चौकांत दगडी कठड्याची विहीर दिसली तर बाबांना नक्की दाखवा. वाड्यातल्या आडासारखीच दिसते, पण तिला झरा नाही. आसपासच्या फरशीत भोकं पाडलेले दगड शोधा. पावसाचं पाणी त्यांतून खाली जायचं, चिकणमातीने लिंपलेल्या खड्ड्यातल्या वाळूतून गाळून मधल्या विहिरीत उतरायचं. १८८४ साली मुख्य भूमीवरून नळ येईपर्यंत खाऱ्या पाण्यातलं हे गाव मुख्यतः असंच साठवलेलं पाणी प्यायचं.