मदत हवी आहे: स्क्रीन प्रिंटिंगमध्ये अनुस्वार-रफार बुजतायत, रविवारपर्यंत 300 पोस्टर हवीत

शाईचे_हात (6 नोव्हेंबर 2024, रात्री 11.20)
कोणी स्क्रीन प्रिंटिंग केलेलं असेल तर प्लीज लगेच सांगा. आमच्या ताई विधानसभेला अपक्ष उभ्या आहेत, शिलाई मशीन चिन्ह मिळालंय. रविवारच्या बाजाराआधी 300 पोस्टर हवीत. पहिली दहा-बारा झकास येतात, मग बारीक जागा बुजतात. 'बंधाऱ्याचं काम मार्गी लावू' मधलं 'मार्गी' पंधराव्या कागदावर 'मागी' झालं. चित्रातल्या मशीनची सुई तर त्याआधीच गेली. दोनदा स्क्रीन (छपाईची जाळी) धुतली, परत तेच. काय चुकतंय?

पाटीपेन्सिल
शाई कोणती? मेश, म्हणजे जाळीची वीण किती बारीक? कागद कुठला? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

रानवाट
कशाला एवढा त्रास? डिजिटलवाल्याकडे फाइल द्या, संध्याकाळी फ्लेक्स हातात.

शाईचे_हात
फ्लेक्स नको, हे पहिल्याच बैठकीत ठरलंय. मागच्या निवडणुकीतले फ्लेक्स अजून आमच्या ओढ्यात अडकलेत. शाई पाण्याची, कापडावर वापरतात ती. कागद खाकी. फ्रेम ओळखीतून आणली, मेश माहीत नाही.

जुना_पेंटर
शाई जाळीतच वाळतेय. छाप घेतला की फ्रेम उचला आणि स्क्वीजीने, म्हणजे शाई ओढायच्या रबरी पट्टीने, शाई हलकेच मागे ओढून ठेवा. कागद बदलेपर्यंत जाळीवर ओला थर राहिला पाहिजे. शाईत थोडं ग्लिसरीन घाला. फ्रेमच्या कोपऱ्यांखाली नाणी ठेवा, म्हणजे जाळी कागदाला चिकटून राहणार नाही.
आणि सुई जाड काढा. 1977 ला माझे वडील भिंती रंगवायचे. जनता पक्ष तेव्हा भारतीय लोकदलाच्या चिन्हावर लढला, चक्रातला नांगरधारी शेतकरी. काँग्रेसचं गाय-वासरू. वडील खिळ्याला सुतळी बांधून आधी चक्र मारायचे, मग आत कोळशाने शेतकरी. नांगर मुद्दाम जाडजूड काढायचे आणि रस्त्यापलीकडे जाऊन बघायचे. तिथून ओळखू आला तरच रंग भरायचा. तुमचं मशीनही चाकावरून आणि मानेवरून ओळखू येईल, सुईवरून नाही.

काटेकोर
पोस्टरवर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता आहे का? लोकप्रतिनिधित्व अधिनियम 1951, कलम 127अ. नसेल तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 2,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

रानवाट
घरी हाताने केलेल्याला कसलं आलंय कलम? हाताने काढलेली प्रत छपाईत धरत नाहीत, त्याच कलमात लिहिलंय.

काटेकोर
हाताने *नक्कल* केलेली धरत नाहीत. बाकी प्रती काढायची कुठलीही पद्धत छपाईच. एकेक पोस्टर ब्रशने रंगवलं तर गोष्ट वेगळी, स्क्रीन त्यात बसत नाही. उगाच कोणाला अडचणीत आणू नका. शिवाय प्रकाशकाने सही केलेलं प्रतिज्ञापत्र, त्याला ओळखणाऱ्या दोघांच्या साक्षीने, दोन प्रतींत लागतं. छापणाऱ्याने त्यातली एक प्रत पोस्टरच्या प्रतीसोबत जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायची. कागद-शाईचा खर्चही उमेदवाराच्या हिशेबात दाखवा.

रानवाट
बरं, ते मान्य. पण 300 पोस्टरने काय होणार? रील करा, लाखभर लोक बघतील.

जुना_पेंटर
बाजारात भाजी घेणाऱ्या बाईला रील कोण दाखवणार? पोस्टर दुकानाच्या फळीवर आठवडाभर राहतं. मालकाला विचारून लावा मात्र.

पाटीपेन्सिल
पंखा चालू आहे का?

शाईचे_हात
हो, फुल्ल. दोरीवर टांगलेली पोस्टर वाळायला नकोत का? टेबल बरोबर त्याच्याखाली आहे.

पाटीपेन्सिल
अहो मग आधी ते सांगायचं ना! पंखा बंद करा, वाळत घालायचं दुसऱ्या खोलीत. ओलं फडकं हाताशी ठेवा, दर दहा कागदांनी जाळी खालून टिपा. तरीही बुजलं तर मेश फार बारीक आहे.

शाईचे_हात (8 नोव्हेंबर, पहाटे 1.45)
पंखा बंद, ग्लिसरीन, नाणी, सगळं केलं. 140 झाली. शेवटच्यावरही 'मार्गी'चा रफार जागेवर आहे, मी बोट ठेवून बघितला. सगळ्यांचे मनापासून आभार. सुई जाड करायला वेळ नाही, आहे तशी दिसते. नाव-पत्ता मात्र राहिला होता. आता 140 पोस्टरवर तो कसा घालू? पाठीमागे चालेल?

काटेकोर
नाही, दर्शनी बाजूलाच. खालच्या कडेला जागा आहे ना? तेवढ्याच पट्टीची छोटी स्क्रीन करा. आधीची पूर्ण वाळू द्या, मगच दुसरा हात मारा.

शाईचे_हात
छोटी फ्रेम नाहीये. उद्या सकाळी कुठे मिळेल?

रानवाट
तुम्ही कुठल्या तालुक्यात आहात, ते अजून सांगितलंच नाहीत.