पहिली सेमी-अकौस्टिक: एपीएक्स६००, एफएसएक्स८००सी की फेंडर सीडी-६०एससीई?

परभणीची शिकाऊ
नमस्कार मंडळी. साध्या अकौस्टिकवर ओपन कॉर्ड जमतात. बार कॉर्ड (एकाच बोटानं सगळ्या तारा आडव्या दाबून धरायचे) लागतात, पण दोन गाण्यांनंतर डावा हात भरून येतो. आता पिकअपवाली, म्हणजे केबलनं ॲम्पला किंवा मिक्सरला जोडता येणारी गिटार घ्यायची आहे. कॉलेजचं गॅदरिंग आणि गणेश मंडळाचा कार्यक्रम, दोन्हीकडे माईकसमोर धरून वाजवलं तर ढोलकीत काहीच ऐकू जात नाही. बजेट पंचवीस हजारांच्या आसपास, थोडं वर गेलं तरी चालेल. यादीत तीन उरल्या आहेत: यामाहा एपीएक्स६००, यामाहा एफएसएक्स८००सी आणि फेंडर सीडी-६०एससीई. रोजचा रियाज घरी, ॲम्पशिवाय. उन्हाळाभर खोलीत कूलर चालतो. तिन्ही एका ठिकाणी बघायच्या तर संभाजीनगर किंवा पुणे गाठावं लागेल, नाहीतर ऑनलाइन. सगळे सांगतात सॉलिड टॉपच (पुढची फळी प्लायऐवजी सलग लाकडाची) घे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो टिकतो का?

गोदाकाठ, नांदेड
ताई, स्टेज वर्षातून मोजक्या वेळा आणि रियाज रोज, असं असेल तर गिटार घरच्या आवाजावर निवडा. म्हणून माझं मत एफएसएक्स८००सी.

एपीएक्सची बॉडी ८० ते ९० मिमी जाड, टॉप प्लायचा. कुशीत छान बसते, वरच्या फ्रेटपर्यंत हात सहज जातो, पण केबल न लावता तिचा आवाज पातळ वाटतो, खर्ज भरत नाही. एफएसएक्स कॉन्सर्ट आकाराची, ९० ते ११० मिमी, टॉप सॉलिड स्प्रूसचा. सीडी-६०एससीईचाही टॉप सॉलिड स्प्रूसच, पण ती ड्रेडनॉट, म्हणजे मोठ्या, रुंद अंगाची. खर्ज भरदार, स्ट्रमिंगला दणदणीत. मात्र अंगानं बारीक असणाऱ्याला तिच्यावरून उजवा हात टाकताना खांदा वर उचलावा लागतो, आणि तासाभरात मान धरते. फिंगरबोर्डच्या कडा तिला गोल घासलेल्या असतात, तो मात्र खरा फायदा आहे.

नट (नेकच्या वरच्या टोकाची, तारा टेकणारी पट्टी) तिन्हींची ४३ मिमी रुंद, तेव्हा नेकच्या रुंदीवरून निवड करू नका. फरक स्केलचा, म्हणजे नट ते ब्रिज अशा वाजणाऱ्या तारेच्या लांबीचा आहे. दोन्ही यामाहा ६३४ मिमी, फेंडर ६४३. तार तीच आणि सूर तोच असेल तर ताण स्केलच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे फेंडरवर साधारण ३ टक्के जास्त. बोटांना एवढं जाणवेलच असं नाही. त्यापेक्षा तारांचा सेट १२ ऐवजी ११ चा (हा आकडा पहिल्या तारेच्या जाडीचा, इंचाच्या हजारांशांत) लावा. नुसत्या पहिल्या तारेचाच ताण सुमारे १६ टक्क्यांनी उतरतो. डावा हात भरून येतो त्यावर पहिला उपाय हा, दुसरा ॲक्शन, म्हणजे फ्रेटपासून तारांची उंची. मॉडेल बदलणं तिसऱ्या नंबरवर.

मंडपसाउंड, लातूर
गोदाकाठ भाऊंचं घरापुरतं बरोबर आहे. स्टेजचा हिशोब मात्र वेगळा, आणि तिथे एपीएक्सला कमी लेखू नका. गणपतीच्या मांडवात स्पीकर बहुतेक वेळा वादकाच्या मागे किंवा अगदी बाजूला लावलेले असतात. ड्रेडनॉटच्या पोकळीचा स्वतःचा गुंजारव साधारण १०० हर्ट्झच्या आसपास असतो. स्पीकरमधून तेवढाच खर्ज परत येऊन टॉपवर आदळला की घुमायला लागतं. पातळ बॉडीत हा त्रास कमी. जाड बॉडीची घेतलीत तर साउंडहोलला बसणारं रबरी झाकण सोबत ठेवा. बास नॉब मध्यापासून खाली आणा. तरीही घुमलं तर मिक्सरवर १०० च्या आजूबाजूचं कापायला सांगा. आवाज कमी करायची वेळ त्यानंतर.

आता पिकअप. तिन्हींत सॅडलखाली (ब्रिजवरची, तारा टेकणारी पट्टी) पिएझो, म्हणजे तारांचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारी पट्टी आणि बाजूला तो सिग्नल वाढवणारा प्रीॲम्प. ब्रँडवरून यांच्या आवाजात फार मोठा फरक शोधत बसू नका, वापरण्याची पद्धत जास्त महत्त्वाची. जोरात स्ट्रम केलं की पिएझोचा आवाज टणटणीत, प्लॅस्टिकसारखा होतो. मिड नॉब थोडा खाली घेतला की निवळतो. यामाहाच्या या दोन्हींत मिड कोणत्या पट्टीत कापायचा तेही सरकवता येतं. ती सोय शिकून घ्या.

आपल्याकडे नेहमी अडतं ते केबलवर. या गिटारींचं सॉकेट स्टिरिओ असतं आणि त्यात मोनो पिन घातली की बॅटरीचं सर्किट पूर्ण होऊन प्रीॲम्प चालू होतो. मांडवात घाईत कोणी स्टिरिओ पिनची केबल हातात दिली तर प्रीॲम्प चालूच होत नाही, आणि सगळे म्हणतात गिटार बिघडली. स्वतःची मोनो केबल न्या, ३ ते ५ मीटरची. रियाज संपला की ती काढून ठेवा, कारण पिन आत असेपर्यंत बॅटरी उतरत राहते. बॅटरी संपत आली की आवाज आधी फाटतो, मग बारीक होतो. मॉडेलनुसार ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी लागते किंवा पेन्सिल सेल. कप्पा उघडून बघून घ्या आणि एक जोड जास्तीचा बॅगेत टाका.

गिटार माईकच्या इनपुटमध्ये थेट घालू नका, आवाज फाटतो. लाइन किंवा ऑक्स इनपुटमध्ये घाला. स्टेजपासून मिक्सर लांब असेल तर मध्ये डीआय बॉक्स (गिटारचा सिग्नल लांब केबलला योग्य करून देणारी डबी) हवा. साधी केबल दहा-पंधरा मीटर ओढली की लाइटिंगची घरघर उचलते. डीआयवर ग्राउंड लिफ्टचं (फक्त सिग्नलच्या केबलमधला अर्थ सोडवणारं) बटण असतं, गुणगुण आली तर ते दाबून बघा. ॲम्प किंवा मिक्सरच्या विजेच्या प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीच काढू नका. काही मंडपवाले काढतात. गळणारा करंट मग तारांमधून अंगात येतो, जिवावर बेतणारं काम आहे.

परभणीची शिकाऊ
दोघांचे आभार. केबलचं माहीतच नव्हतं. म्हणजे एफएसएक्स आणि रबरी झाकण, असं मनात पक्कं होतंय. हवेबद्दल कोणी सांगेल का? कूलरनं ओल मिळते, मग सॉलिड टॉपला तो चांगलाच ना?

कोरडवाहू, बीड
कूलरच्या झोतात ठेवली तर उलट वाईट. गिटारच्या लाकडाला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. एप्रिल-मेच्या दुपारी आपल्याकडे बाहेर ती २० च्या खाली जाते, कूलरच्या खोलीत ७० च्या वर आणि लाइट गेली की परत घसरते. ही रोजची चढउतार टॉपला सगळ्यात जास्त मारते. भिंतीला टांगू नका. कूलरपासून लांब, बंद केसमध्ये ठेवा. कापडी बॅग असेल तर जाड फोमची हवी.

केसमध्ये छोटा डिजिटल हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारा मीटर) ठेवा. स्वस्त असतो, म्हणून आधी तपासून घ्या. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन दोन-चार थेंब पाण्यानं ओलं करा, चिखलासारखं होईल एवढंच. ते आणि मीटर एका घट्ट बंद पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी ७५ दिसायला हवं. ७० दाखवत असेल तर पुढे प्रत्येक आकड्यात ५ मिळवायचे.

आकडा ४० च्या खाली गेला की भोकांची साबणदाणी घ्या, आत ओला करून घट्ट पिळलेला स्पंज घाला आणि हेडस्टॉकजवळ (नेकच्या टोकाला खुंट्या असतात तिथे) ठेवा. पाणी ठिबकता कामा नये. उन्हाळ्यात तीन-चार दिवसांनी परत ओला करा. जुलै लागला की काढून टाका, तेव्हा सिलिका जेलच्या पुड्या.

लक्षणं ओळखता आली पाहिजेत. लाकूड वाळलं की नेकच्या कडेनं हात फिरवताना फ्रेटची टोकं टोचतात, ब्रिज आणि साउंडहोलच्या मधला टॉप किंचित खाली बसतो, तारा फ्रेटला घासून खरखरतात. पावसाळ्यात उलट: टॉप फुगतो, ॲक्शन वर चढते. प्लायचा टॉप सहजी तडकत नाही हे खरं, पण फिंगरबोर्ड तिथेही सलग लाकडाचाच असतो, त्यामुळे फ्रेट टोचायचं चुकत नाही. एवढी देखभाल तुमच्याच्यानं होणार नसेल तर एपीएक्स घ्या, त्यात कमीपणा काही नाही. होणार असेल तर सॉलिड टॉप मराठवाड्यात व्यवस्थित राहतो.

उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत मात्र कोणतीच ठेवू नका. डिंक मऊ होऊन ब्रिज मागून उचलायला लागतो.

गोदाकाठ, नांदेड
कोरडवाहू यांनी मोलाचं सांगितलं. आता दुकानात काय बघायचं ते लिहितो, कारण एकाच मॉडेलच्या दोन गिटारी सेटअपमुळे हाताला अगदी वेगळ्या लागतात.

सोबत स्टीलची पट्टी न्या, शून्य अगदी कडेपासून असलेली. बाराव्या फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत मोजा. जाड सहावी तार २.४ ते २.८ मिमी, पहिली १.८ ते २. सहावी ३ च्या वर असेल तर बार कॉर्डला हात भरून येणारच.

मग नेकचा बाक. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, सहावी तार चौदाव्यावर दाबा आणि सातव्यावर फट बघा: ०.२ ते ०.३ मिमी. टू-व्हीलर मेकॅनिककडे टॅपेटसाठी असतो तोच फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पत्त्यांचा जुडगा) चालतो. फट जास्त असेल तर सोबत आलेल्या ॲलन कीनं ट्रस रॉड (नेकचा बाक ठरवणारी आतली सळई) उजवीकडे अष्टमांश फेरा फिरवा, परत सुरात लावा, मोजा. एका दमात पाव फेऱ्याच्या पुढे जाऊ नका. रॉड जाम वाटला तर जोर न लावता थांबा.

बाक बरोबर असूनही तारा उंच असतील तर सॅडल खालून घासावी लागते. बाराव्यावर अर्धा मिमी उतरवायला सॅडलचा १ मिमी जातो. काचेवर २२० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून घासा, पेन्सिलची रेघ आखून. बूड तंतोतंत सपाट राहिलं पाहिजे. जरा गोलाई आली तर पिएझोवर दाब सारखा पडत नाही आणि ॲम्पवर एखादी तार दबून जाते. म्हणूनच घेतानाच केबल लावून सहाही तारा एकेक, एकाच जोरानं छेडून बघा. एखादी बारीक ऐकू आली तर दुकानदाराकडून तिथेच सॅडल परत बसवून घ्या.

ऑनलाइन मागवली तर खोकं उघडताना सलग व्हिडिओ काढा. हेडस्टॉकचा सांधा, ब्रिजची मागची कड आणि प्रीॲम्पभोवतीचा टॉप उजेडात तिरका धरून बघा, आणि वरची सगळी मोजमापं परतीची मुदत संपायच्या आत उरका. सिरीयल नंबर बिलावरच्या नंबरशी जुळतो का तेही त्याच दिवशी बघा, वॉरंटीला तोच लागतो.