मदत हवी आहे: तरुण वयातला आमवात आणि डेक्सा, नागपुरात कुठे?

धंतोली-रामदासपेठेत कंबर आणि खुबा दोन्हींची डेक्सा (हाडांची घनता मोजणारी एक्स-रे तपासणी) करून रिपोर्टमध्ये झेड-स्कोअर (त्याच वयाच्या लोकांशी तुलना) लिहून देणारं सेंटर कुणाला माहीत आहे का? शिबिरात टाचेला मशीन लावतात, ते नको.

रुग्ण ३१ वर्षांची, रुमेटॉइड आमवात, प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) ७.५ मिग्रॅ रोज, पाच महिने झाले. रजोनिवृत्तीआधी टी-स्कोअर (तरुण निरोगी हाडाशी तुलना) लावत नाहीत; झेड -२.० किंवा त्याखाली असेल तर हाडाची घनता वयाच्या मानाने कमी. फ्रॅक्स (हाड मोडण्याचा धोका काढायचं गणित) हेही वयाच्या ४० पासूनच. घरचे सगळा दोष स्टेरॉइडला देतात, पण सांध्यातली सूजसुद्धा हाड खाणाऱ्या पेशींना चेतवते. गोळी मनानेच बंद केली तर सूज उसळते, हाडाची झीज चालूच राहते, शिवाय अचानक थांबवणं धोक्याचं.

खरा पेच वेगळाच: दोन वर्षांत बाळाचा विचार आहे आणि बिस्फॉस्फोनेट (हाडाची झीज रोखणारं औषध) हाडात वर्षानुवर्षं राहतं. हे दोन्ही धरून सल्ला देणारे रुमॅटॉलॉजिस्ट सुचवा.

कॅल्शियम आहार धरून १००० मिग्रॅ, कार्बोनेटची गोळी जेवणासोबत, लोहाची वेगळ्या वेळी, एवढं चालू आहे. ड जीवनसत्त्व तपासायचंय. ऊन नागपूरचं असलं तरी स्कार्फ बांधून फिरल्यावर त्याचा काय उपयोग!